बाबा पीत नव्हते

आई,

भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घे. गुडघ्याची गोळी जेवल्यावरच घे. ओट्यापाशी अनवाणी जाऊ नकोस, कपाचे बारीक तुकडे राहिले असतील. हल्ली माझ्या हातातून काही सुटलं की तू माझ्याकडे न बघता फडकं शोधतेस. त्यानंच मला शंका आली, म्हणून काल आत्याला फोन केला.

बाबा पीत नव्हते. आजोबांचा आजार त्यांच्यात उतरला होता. चाळिशीच्या आसपास तोल जातो, हात ऐकत नाहीत, जीभ जड होते. मुलींनाही होऊ शकतो, हे डॉक्टरांनी तुला तेव्हाच सांगितलं होतं. पण दारुड्याच्या मुलींची लग्नं होतात, असल्या आजाराच्या घरातल्या मुलींना कोण करून घेणार? म्हणून गल्लीभर त्यांना दारुडा म्हणू दिलंस. डेपोतून काढलं तेव्हाही गप्प बसलीस. आणि आमच्यासाठी तेही गप्प बसले. मी त्यांच्या कपाटात बाटल्या शोधायचे गं. एकही सापडली नाही, तर म्हणालीस, लपवण्यात पटाईत आहेत.

धाकटीचं लग्न तोंडावर आलंय. तिला आणि त्या मुलाला सगळं सांगायला तिच्या खोलीवर चाललेय. उद्या रक्त तपासायला देणार. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

शेजारच्या काकू विचारतील, मोठी कुठे गेली म्हणून. बापासारखी प्यायला लागली, असं सांग. तुला सवय आहे.