इलियासच्या वळणावर दोन्ही हात

प्रिय आर्गिरो,

फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस. "हो बाबा, कळलं बाबा" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसलोय. बोटं दुखतात, चष्म्यातूनही धड दिसत नाही, दोन ओळी झाल्या की कंटाळा येतो. पण सोमवारपासून शाळेची बस घेऊन तू आपल्या घाटात उतरणार, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

कोरड्या रस्त्याचं तुला काय सांगायचं, परीक्षा पास झालीयस. तरी सांगतो. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच उतरवायचा, गिअरही तिथंच खाली. वळणात शिरल्यावर ब्रेकला पाय नाही. नजर खडकावर नाही, वळण जिथं सुटतं तिथं. बस नजरेमागं जाते. ओल्यात हेच सगळं, पण निम्म्या वेगानं, आणि पायाखाली अंडं ठेवल्यासारखं हलकं. पांढऱ्या पट्ट्यावर चाक घालू नकोस. आणि नोव्हेंबरला विसरू नकोस. ऑलिव्हच्या गाड्या वरखाली करतात, पोत्यांतून फळं सांडतात, चाकांखाली चिरडून त्यांचं तेल सुटतं, वरून भुरभुर पाऊस. रस्ता रोजच्यासारखाच दिसतो आणि त्याचा साबण झालेला असतो.

तुझ्या आईला माझं चालवणं कधीच पसंत नव्हतं. "सारांडी, माणसं नेतोयस की मेंढ्या?" असं भर बसमध्ये विचारायची. आणि तरी दाराजवळची पहिली जागा कुणाला द्यायची नाही. बाजाराच्या दिवशी मांडीवर टोपली घेऊन तिथंच. "ही दिआमांडोची जागा" म्हणून लोकही ती तिच्यासाठी सोडून द्यायचे.

मी नवा होतो तेव्हा इलियास संताच्या छोट्या चर्चपाशी क्रुसाची खूण करायचो नाही. ते चर्च ऐन वळणावर, आणि माझे हात कामात. मागून म्हाताऱ्या सुरू व्हायच्या, "संताला ओळख दाखवायची लाज वाटते का रे? मग आम्हाला खाली सुखरूप नेणार तरी कसा?" एक तर उतरून पायी गेली. गावभर झालं. मग मीही करायला लागलो. पहिल्यांदा लोकांसाठी, नंतर मनापासून, आणि वीस वर्षांनी हात आपला आपणच उठायला लागला.

अपघाताच्या चौकशीच्या कागदावर 'तेल आणि पाऊस' लिहिलंय. तू अकरा वर्षांची होतीस, तुलाही आम्ही तेच सांगितलं. ते खोटं नाही. वेग बरोबर होता, ब्रेक सरळ रस्त्यावर लावला होता. पण चर्च आलं, सगळ्या बसचे हात कपाळाकडे गेले आणि त्यांच्याबरोबर माझाही उजवा हात गेला. त्याच क्षणी पुढची चाकं घसरली. दाराची बाजू, आईची बाजू, खडकावर आदळली. बाकी सगळे खरचटण्यावर सुटले. दोन्ही हात स्टिअरिंगवर असते तर बस सावरली असती. कदाचित नसतीही. ते मला कधीच कळणार नाही, आणि त्यानंच मी सतरा वर्षं थकलोय. लोक येऊन "नशीब, सारांडी" म्हणायचे, कॉफी प्यायचे आणि जायचे. मी गप्प बसायचो.

आणखी गप्प बसलो असतो. पण परवा तू म्हणालीस, "बाबा, आता रोज जातायेता आईच्या पेटीपाशी क्रुसाची खूण करीन." तिथं रस्त्याकडेला तिच्या आठवणीची, देवळीसारखी छोटी पेटी मीच उभी केली, दिवा मीच लावतो, आणि ती नेमकी त्याच वळणावर आहे. करू नकोस, पोरी. पुढं पुलापाशी सपाट जागा आहे. तिथं थांब, हँडब्रेक ओढ, मग हवी तेवढी आठवण काढ. मुलांच्या आया बोलतील, बोलू देत. आईला मी सगळं सांगितलंय, तिला चालेल. आता माझ्यावर रागावशील, ते बरोबरच आहे. पण रागवायचं ते घरी येऊन रागव. गाडी चालवताना नको.

तुझाच,
बाबा