कप्तानाला दिसलेला बगळा

रविवार, २ फेब्रुवारी

आज सकाळी गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला ससाणा मी पंधरा मिनिटं पाहिला. वहीत लिहिला. वेळ टाकली, वाऱ्याची दिशा टाकली. मग तो काव काव करत उडाला. खोडून टाकला.

लेकीने दुर्बीण पाठवली त्याला दोन महिने झाले. सोबत चिठ्ठी – "बाबा, मशीनवरून मान जरा वर करा." एकोणपन्नासाव्या वर्षी मान वर करायला शिकतो आहे. शिंप्याचं सगळं जग वीतभर अंतरावर – सुई, टीप, काजं. तेवढ्यासाठीही मला चष्मा लागतो. लांबचं मात्र अजून लख्ख दिसतं. इतकी वर्षं ते उगीच पडून होतं म्हणायचं.

साडेसातला कप्तान आला. गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनचा मित्र. बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय, त्यामुळे कुणाच्या मागे बसणं त्याला कमीपणाचं वाटतं. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, चालवणार तो. तळ्याच्या अलीकडे गतिरोधकावरून असे उडालो की डबा माझ्या मांडीवरून खांद्याशी आला.

"हा काल नव्हता," कप्तान म्हणाला.

"तीन वर्षांपासून आहे."

"मग वाढला असेल."

तळ्यावर धुकं नव्हतं, माणसं नव्हती. छान वाटलं. दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो. देवाचं नाव घ्यायला याहून बरी जागा नाही. कप्तान तोवर डबा उघडून बसला. म्हणाला, "तुझं उरकलं की सांग, मी तोवर याची पूजा करतो."

पुस्तकातली एक युक्ती आम्ही वापरतो. बोट दाखवायचं नाही, पक्षी बिचकतात. घड्याळाचा काटा सांगायचा. समोर बारा, उजव्या हाताला तीन. मी सांगतो, तो म्हणतो "दिसला." पाणकावळा, दहा वाजता, खांबावर – दिसला. खंड्या, दोन वाजता, वाळक्या फांदीवर – दिसला. धोबी पक्षी पायाशीच शेपटी हलवत होता, तो मात्र त्यानेच आधी दाखवला आणि मला ऐकवलं, "दुर्बीण घेऊन फिरतोस आणि नाकाखालचं दिसत नाही."

मग पलीकडच्या काठावर मला मोठा पांढरा बगळा दिसला. अगदी कडक इस्त्रीचा पांढरा. "बारा वाजता!" कप्तान दुर्बिणीतून बघून म्हणाला, "वा. मान बघ कशी आत ओढून घेतलीय. आता मारणार तो माशावर झडप." मी लिहून घेतलं.

तो डुलकी काढायला आडवा झाला आणि मी बगळा जवळून बघावा म्हणून काठाने चालत पलीकडे गेलो. अर्धा तास लागला. बगळा म्हणजे खुंटाला अडकलेलं खताचं पोतं.

एकटाच हसत बसलो. एका सकाळी दोन! कप्तानाला सांगितलं की तो महिनाभर पुरवून पुरवून वापरणार, हे ठरलेलं. परत येताना वाक्यं जुळवत होतो. आणि अर्ध्या वाटेत पाय थांबले. मी फक्त "बारा वाजता, बगळा" म्हणालो होतो. मानेचं मी काही बोललो नव्हतो. पोत्याला मान कुठून आली?

आलो तर तो उठून बसलेला. मी समोरच्या रिकाम्या तारेकडे बघून म्हटलं, "अरे, तारेवर राघू. एक वाजता. तीन आहेत."

तो दुर्बीण लावून म्हणाला, "दिसले. काय हिरवे आहेत रे."

तारेवर काही नव्हतं.

येताना मी म्हटलं, पाठ धरलीय, मागे बसवत नाही, मी चालवतो. तो कुरकुरला, पण बसला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सात वीसला बस दुकानासमोरून गेली. नेहमी हॉर्न वाजवतो, तसा वाजवला. मी हात केला. मग वाटलं, हा हात त्याला दिसतो का? की मी करत असणार हे त्याला माहीत असतं?

एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी लावली. तीस वर्षांत हे पहिल्यांदा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझं चुकत असेल. कप्तानाला थापा मारायची आवड आहे. शाळेत गुरुजींनी फळ्यावरचं वाच म्हटलं की हा न बघता भलतंच वाचायचा, मला हसवायला. तेव्हा दिसायचं की त्याला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुपारी त्याला चहाला बोलावलं. समोरच्या औषधांच्या दुकानावर नवी पाटी लागलीय, अक्षरं हातभर उंच. मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "काय रे नाव ठेवलंय बघ."

"मला काय करायचंय त्यांच्या नावाशी?"

मग टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून निविदांची बारीक अक्षरं बिनचष्म्याने खडाखडा वाचून दाखवली. "बघितलंस? पन्नाशीला आलो. तुझ्यासारखं दोरा ओवायला दोन काचा नाही लागत."

ही म्हणाली, "भावजी, डोळे तुमचेच बरे."

मला एकदम हलकं वाटलं. चहा दोनदा प्यायलो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हलकं वाटणं टिकलं नाही. सकाळी चष्मेवाल्याकडे काचा बदलायला गेलो, तेव्हा एका ओळखीच्या माणसाचं म्हणून विचारलं. जवळचं एकदम छान वाचतो, लांबचं दिसत नाही, असं असतं का? तो म्हणाला, "मोतीबिंदू पिकायला लागला की काही जणांचं तसं होतं. चष्मा सुटला म्हणून खूश होतात. साधं ऑपरेशन आहे, पाठवून द्या त्यांना डॉक्टरांकडे."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज सांगितलं. दुकान बंद करायच्या वेळेला तो आला होता, मापाच्या टेबलावर बसून पाय हलवत. मी पोत्याचं सांगितलं. रिकाम्या तारेचंही सांगितलं.

पाय थांबले.

"म्हणजे तू माझी परीक्षा घेतलीस."

"हो."

"दोन महिने दुर्बीण गळ्यात काय अडकवलीस, डॉक्टर झालास?"

तो थोडा वेळ रागाने कात्री उघडमिट करत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऑक्टोबरपासून माहीत आहे मला. दोन्ही डोळे. डॉक्टर म्हणाला, लगेच करा आणि तोवर गाडी चालवू नका."

"मग?"

"मग काय? मधेच रजा मागितली तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की हातात बस परत येत नाही. सुट्टी लागली की गुपचूप करून घेतो. दोन महिने राहिलेत. रस्ता मला पाठ आहे रे मास्तर. कुठे वळण, कुठे खड्डा, कोणतं पोर कोणत्या फाटकातून येतं. डोळे मिटून चालवीन."

हे त्याने मला धीर द्यायला सांगितलं!

"वहिनींना माहीत आहे?"

"कुणालाच नाही. आणि तू सांगणार नाहीस. देवाची शपथ घे. तू घेतलीस की मला खात्री. दुसऱ्या कुणाच्या शपथेवर मी विश्वास ठेवणार नाही."

मी म्हटलं, असं मागू नये. तो म्हणाला, "बाकावर तुझ्या वाटणीच्या छड्या कुणी खाल्ल्या?" त्याने खाल्ल्या, खरं आहे. बावीस वर्षं बस चालवून त्याने एका पोराला ओरखडा येऊ दिला नाही, हेही खरं.

घेतली शपथ.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी देवासमोर बसलो. काही उत्तर आलं नाही. ते एका अर्थी बरं. आलं असतं तर मी सगळं त्याच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

कप्तान साडेसातला हजर, जणू काही झालंच नाही. या वेळी मुकाट्याने मागे बसला. गंमत म्हणजे दिवस फार चांगला गेला. आता लपवायचं काही नसल्यामुळे तो मोकळा झाला होता. "सांग, आज काय काय दिसतंय मला?" म्हणायचा. मी एकेक सांगत गेलो. पाणकोंबडीची पिल्लं आईमागे रांगेत – तो म्हणाला, "सीटबेल्ट लावलेत का विचार." टिटवी ओरडली, ती त्याने नुसत्या कानाने बरोबर दाखवली, कोणत्या बाजूला, किती लांब. मी चकित झालो. म्हणाला, "बसमध्ये मागे कोण कुणाला चिमटा काढतंय, तेही मला आरशाशिवाय कळतं."

खूप हसलो. हसता हसता मनात म्हटलं, दोन महिने म्हणजे किती? आठ आठवडे. होईल निभावून. देव सांभाळून घेईल.

लिहिल्यावर वाचलं. शेवटचं वाक्य मला आवडलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल संध्याकाळी दुकानासमोर पाइपलाइनसाठी चर खणायला घेतला. आडवी लोखंडी जाळी लावली, तांबड्या पट्ट्यांची. आज सात वीसला मी शटर वर करत होतो. बस आली, तिच्या नेहमीच्या वेगात, नेहमीच्या बाजूने. कामगार ओरडला. मी ओरडलो. ब्रेक लागला तेव्हा जाळी आडवी झाली होती आणि पुढचं चाक चराच्या कडेला होतं. माती आत घरंगळत होती.

आतली पोरं पुढच्या सीटवर आपटली, मग हसायला लागली. त्यांना वाटलं, गंमत.

कप्तानाने काच खाली केली. चेहरा पांढरा. कामगाराला म्हणाला, "काल नव्हतं हे."

त्याने बस मागे घेतली आणि गेला. मी जाळी उभी करायला लागलो. कामगार म्हणाला, "राहू द्या काका, मी करतो."

रस्ता त्याला पाठ आहे. पण रस्ता बदलतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनी बाजारात होत्या. मी म्हटलं, "उद्या तू स्वतः शाळेत सांग. मी बरोबर येतो."

"एक जाळी पडली. चर ओलांडला नाही ना मी?"

"नऊपर्यंत तू नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"आणि शपथ?"

"मोडणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या अंतरावर मी त्याला दिसत होतो की नाही, कोण जाणे. म्हणाला, "तुझा देव चालवून घेईल?"

"त्याचं मी बघून घेईन."

"मग माझ्याकडे पुन्हा येऊ नकोस, मास्तर."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सात वीसला बस गेली. हॉर्न वाजला नाही.

नऊला शाळेत गेलो. तो सांगायला आला नव्हता. मुख्याध्यापिका बाईंना सगळं सांगितलं, ऑक्टोबरपासूनचं. त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हटलं, मित्र.

दुपारची बस दुकानासमोरून गेली. चालवणारा दुसरा होता.