आईची करड्या रंगाची सवत

बाबा,

बोट लेस्टरला गेली, दादाच्या घरी, आईबरोबर. हे तुम्हाला सांगायला हवं असं शनिवारपासून वाटतंय आणि तेव्हापासून मला धड बसवत नाहीये. आत्ताही ब्रॅकनेलच्या ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून लिहितेय, कारण वर डेस्कपाशी गेले की चहाला उठते, आणि चहा केला की तो तसाच ठेवून खिडकीपाशी जाते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या उशिरा पत्र लिहिणारी मी, आणि त्यातही विषय काय तर एक लाकडी बोट. पण तुमच्याशी बोलायचं तर विषय दुसरा कुठला असणार होता?

कॉव्हेंट्रीच्या घराचं गराज आठवतं. गाडी बाहेर पावसात आणि तुमची बोट आत कोरडी, यावरून आई रोज एकदा तरी बोलायचीच. फॅक्टरीतला तुमचा गोरा मित्र रविवारी यायचा. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात अशाच एका लाइट क्रूझरवर, म्हणजे छोट्या वेगवान युद्धनौकेवर होते, आणि त्यांच्याकडचा फोटो बघून तुम्ही दोघं तिचं लाकडी मॉडेल बनवत होतात. तोफांच्या नळ्या तुम्ही जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातायचात, उरलेल्या पितळेतून. मी आठेक वर्षांची. मित्र बोटीवरून हात फिरवत म्हणतो, शी इज लाइट, शी इज फास्ट. तुम्ही मान डोलावता आणि म्हणता, आय ॲम मॅड अबाउट हर. एवढं ऐकून मी स्वयंपाकघरात येते. माझं मराठी तेव्हा शब्दाला शब्द ठेवून चालायचं. आई पोळ्या लाटतेय. मी तिला सांगते की बाबांची एक ती आहे, ती हलकी आहे, फास्ट आहे आणि बाबा तिच्यासाठी वेडे झालेत.

लाटणं थांबलं. हलकी म्हणजे वजनाने हलकी, एवढंच मला ठाऊक होतं. एखाद्या बाईला हलकी म्हटलं की त्याचा काय अर्थ होतो, हे मला कोण सांगणार होतं? कुठे असते ही, असं आईने अगदी हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, आपल्या गराजमध्ये. तिने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी, चपला न घालता, ओल्या अंगणातून तरातरा गराजमध्ये गेली. तुमच्या मित्राने उठून तिला स्वतःचं स्टूल दिलं. काय घडलंय हे तुम्हाला समजल्यावर तुम्ही इतके हसलात की डोळे पुसावे लागले. आई मात्र हसली नाही. ती बोटीकडे बघत म्हणाली, "अहो, जहाजाला मराठीत 'ते' म्हणतात. पोरीला एवढं तरी शिकवा." तुम्ही म्हणालात, पण बोट तर 'ती'च असते. त्याचा तिला आणखीच राग आला. त्या दिवसापासून बोटीचं नाव सवत पडलं. जेवायला हाक मारायची तर आई गराजकडे तोंड करून म्हणायची, सवतीला झाकून या आता. स्वतः बोलताना मात्र हट्टाने 'ते जहाज'च म्हणायची.

मी एकदा तुम्हाला म्हटलं होतं की बनवायचीच होती तर मोठी युद्धनौका बनवायची, जाड चिलखताची, ही काय पाप्याचं पितर. तुम्ही हातातला ब्रश खाली ठेवलात. तुम्ही क्वचित रागवायचात, म्हणून ते लख्ख आठवतंय. "लढायला मोठ्या आहेत," तुम्ही म्हणालात. "हिने सगळ्यांच्या पुढे जायचं, काय आहे ते बघायचं आणि परत येऊन सांगायचं. परत आलीच नाही, तर पुढे जाऊन काय उपयोग?" तेव्हा मला ते बोटीबद्दलच वाटलं. आईच्या आधी तुम्ही एकटेच या देशात आला होतात, एका खोलीत चौघांबरोबर राहून, थंडी कशी असते, नोकरी कुठे मिळते, तूरडाळ कुठे मिळते हे सगळं बघून मग तिला आणायला परत गेला होतात. हे मी पुष्कळ नंतर जोडलं. तोवर तुम्ही एका सकाळी कामावर गेला होतात आणि घरी हॉस्पिटलमधून फोन आला होता.

आता आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. कॉव्हेंट्रीचं घर विकलं. दादा म्हणाला, माझ्याकडे एवढ्या लांब बोटीला जागा नाही, तूच काहीतरी बघ. मला ती हवी होती, बाबा. पण माझा फ्लॅट एवढासा, शिवाय मी मागितली तर आईला वाटणार की घर मोडायच्या आधीच वाटण्या सुरू झाल्या. म्हणून मी शहाणपणा केला आणि मॉडेल बनवणाऱ्यांच्या एका क्लबला ईमेल केली. आई म्हणाली, दे बाई, सुटले एकदाची.

शनिवारी क्लबचे एक म्हातारे गृहस्थ आले. मी बोटीवरचा जुन्या पातळाचा तुकडा काढला आणि ते वाकून बघतच राहिले. एवढ्या वर्षांची बोट आणि दोऱ्यांवर, तोफांमागे कुठेही धूळ नाही. हे कोण साफ करतं, त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत? मी आईकडे बघितलं. ती सेटीवर बसून गुडघा चोळत होती. तेव्हा मला तिच्या बाथरूममधला पावडर लावायचा मऊ ब्रश आठवला, जो चेहऱ्याला लावताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गृहस्थ बोट उचलायला पुढे झाले आणि आई उभी राहिली, कशालाही न धरता.

"नो," ती म्हणाली. "शी इज कमिंग विथ मी."

शी. तुम्ही ऐकायला हवं होतं. गृहस्थांनी माफी मागितली, चहा घेतला आणि गेले. दादाला मी फोनवर सांगितलं की जागा नसली तर तुझा तो मोठा टीव्ही भिंतीवर चढव. लेस्टरला जाताना आई मागच्या सीटवर बसली, बोट मांडीवर आडवी घेऊन, आणि प्रत्येक राउंडअबाउटला मला म्हणत होती, हळू, तिला लागेल. मला आरशात तुमच्या दोघांचं सगळं लग्न दिसत होतं आणि मी रडत गाडी चालवत होते. तुमचा रागही येत होता. पुढे गेलात, बघितलंत असेल काय आहे ते, मग परत येऊन सांगायचं कुणी? ती पंचाहत्तरीची बाई आता तिकडेच निघण्याची भाषा करते. तिला काहीतरी कळवायला नको का?

हे पत्र कुठे टाकणार, ग्लोव्ह बॉक्समध्येच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. बोट गाडीत ठेवताना मागचं धुरांडं सुटून माझ्या हातात आलं. आई रोज फोनवर विचारते, सापडलं का गं तिचं धुरांडं, आणि मी रोज सांगते, शोधतेय. ते माझ्या कोटाच्या खिशात आहे. आत्ताही मुठीत धरलंय, आणि तेवढ्यापुरती मी जरा स्वस्थ बसलेय.