शिवाय काही काळे

सोम., ३ नोव्हें.
संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी फ्रेंच पत्राचा अनुवाद संपवला. अठराव्या शतकातलं पत्र. पाँडिचेरीकडे इंग्रजांशी लढलेला फ्रेंच अधिकारी आपल्या राजाला विजय कळवतोय. दीड पान नुसती राजाची स्तुती. शेवटी: 'आमची अकरा माणसं कामी आली. शिवाय काही काळे.' अकरांची नावं खाली आहेत. काळे म्हणजे त्यांच्या फौजेतले आपले शिपाई. किती, ते लिहिलेलं नाही.

मंगळ., ४
डायरेक्टरसाहेबांनी बोलावलं. "मॅडम, वो काले वाला हटा दीजिए. फ्रेंच मेहमान आ रहे हैं. और बेइज़्ज़ती तो अपनी ही है ना." म्हटलं, सर, वो मरे थे. और कहीं उनका ज़िक्र नहीं है. "तो?" म्हणाले.
'अनुवाद अचूक आहे' याखाली सही माझी जाते. तोडलेल्या पत्राखाली नाही करणार.

बुध., ५
गुरुपर्वाची सुट्टी. मुक्ताला सांगितलं. "आई यार, डिसेंबरमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय तुझं. तीन शब्दांसाठी…" लेकीचं म्हणणं चूक नाही. तरी राग आला. भीतीही वाटते, इथे तरी खरं लिहावं.

गुरु., ६
साहेबांनी स्वतःच वाक्य कापून फाइल पाठवली. मी सही कुठे करायची, तिथे पेन्सिलीने फुली.
सही केली नाही. फाइलीतल्या नोटशीटवर लिहिलं: 'मूळ मजकुरातलं एक वाक्य वगळलं आहे. प्रमाणित करता येत नाही.' खाली ते वाक्य, आधी फ्रेंच, मग अनुवाद. त्याखाली मात्र सही ठोकली, तारखेसकट. नोटशीटच्या पानांना नंबर असतात, गुपचूप फाडता येत नाहीत. दिल्लीच्या कचेऱ्यांत बावीस वर्षं उगाच नाही काढली.

शुक्र., ७
साहेब जिन्यात. "आपका रिन्यूअल भी मेरी ही टेबल पर है, मॅडम."
"दोनों फाइलें साथ देख लीजिए, सर."
घरी जाताना द्वारकेच्या मेट्रोत, रिन्यूअल नाही झालं तर काय, याचा हिशेब मांडला. पण बोलले ते बोलले.

सोम., १०
उद्या उद्घाटन. फाइल परत नाही. फोन नाही.
दुपारी दालनात डोकावले. राजाचं चित्र लागलंय, वर तीन दिवे. पत्राशेजारची पाटी अजून कोरी. रंगारी पट्टी घेऊन उभा. "मॅडम, मैटर तो आया नहीं. कितनी जगह रखूँ?"
म्हटलं, जितनी बताई है, उससे एक लाइन ज़्यादा.
त्याने आखली.