बिभीषण सरांची पँट

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
रेश्माचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की घरमालकीण काशम्मा भांडण बघायला जिना चढून येतात. म्हणून हे पत्र.

कुंभारीच्या प्रशिक्षण केंद्रात मी शिवणकाम शिकवते. यंदा तिथली शिकवण्याची तऱ्हाच बदलली. आता वहीतल्या उत्तरांना गुण नाहीत. मुलीनं स्वतःच्या हातानं काम करून दाखवायचं. जमलं तर नावापुढं ‘सक्षम’ लिहायचं, नाहीतर ‘अजून नाही’. ऐकायला किती सोपं! पण मुली म्हणतात, मॅडम, नोट्स द्या की, पाठ करून टाकतो. पालक विचारतात, टक्के किती पडले? मशीन थोडी, मुली भरपूर. एक शिवते आणि बाकीच्या तिच्या शिवणीला नावं ठेवतात. नावं ठेवण्यात मात्र सगळ्या सक्षम.

त्यात आमचे प्राचार्य बिभीषण सर. महिनाअखेर पुण्याहून एक बाई तपासणीला येणार, म्हणून सगळ्यांपुढं ‘सक्षम’ लिहा असा त्यांचा हुकूम. मी सांगितलं की पुष्कळ जणींना पँटच्या आसनाची, म्हणजे बसायच्या जागेची, शिवण अजून धड येत नाही. ते म्हणाले, तपासणीला येणारे काय पँट उसवून बघतात का? लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी मला घरी बसावं लागेल, हेही हसत हसत सुचवलं. खोटं लिहू की नोकरी सोडू? तूच सांग.

मामांना नमस्कार, शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरव. आशीर्वाद जरा जास्तच पाठव, यंदा लागणार आहेत.

तुझी,
रेश्मा


केम
दि. १३ जानेवारी

चि. रेश्मास,
आत्याचे अ. उ. आ.

हितं समदं बरं हाय. ज्वारी हुरड्याला आलीया, तू न्हाईस म्हणून मामा दोघांच्या वाटचा खात्यात.

खोटं लिवू नगंस. पण भांडूबी नगंस. सरांना ग्वाड बोलून सांग, तुमी म्हनाल त्या पोरीला सक्षम लिवते, फकस्त तिनं शिवल्याली पँट तपासणीदिवशी तुमी घालायची. केंद्राची पँट प्राचार्यांच्या अंगावर, शोभाच वाढंल की! मानूस फुगंल न्हायतर सावध हुईल. कसंबी झालं तरी काम तुजंच हुईल.

एक मातुर ध्यानात ठेव. सरांची फजिती झाली तर मला लई आवडंल, पोरीची न्हाय. तिच्या पाठीशी हुबी ऱ्हा.

मामा म्हनत्यात, पोरीला असलं शिकवू नगं. मी म्हटलं, भाची कुनाची हाय?

माया हायेच, ती काय लिवायची गोष्ट हाय व्हय?
विजयमाला आत्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझी अट सांगितली आणि सर फुगले! माझ्या वर्गातल्या पूनमचं अक्षर सुंदर, नोट्स चकचकीत, म्हणून त्यांनी तिलाच निवडलं. ती बिचारी स्वतः म्हणाली, सर, मला आसन अजून जमत नाही. ते म्हणाले, आत्मविश्वास ठेव. मी तिला शिवण दुहेरी घालायला सांगितलं होतं, पण मशीन मिळालं तेव्हा घंटा व्हायला आली होती, आणि तिनं एकेरीवरच भागवलं.

तपासणीच्या दिवशी सर समई लावायला वाकले. आत्या, असा टर्रकन आवाज झाला की टाळ्या वाजवायला उचललेले हात तिथंच थांबले. सर भिंतीला पाठ लावून अध्यक्षांसारखे हसत उभे. शेवटी लेखनिक धुळाप्पांनी स्वागताचा फलक सोडवून त्यांना गुंडाळलं. ‘हार्दिक स्वागत’ नेमकं मागं आलं.

मला हसू आवरेना. तेवढ्यात पूनम कापडं बेतायच्या टेबलाखाली बसून रडताना दिसली आणि तुझे शब्द आठवले. मी तिच्याशेजारी खालीच बसले. चूक तुझी एकटीची नाही, सरांची आहे, थोडी माझीही, असं सांगितलं. मग विचारलं की ही पँट आता दुरुस्त कुणी करायची? तिनं नाक पुसलं आणि हात पुढं केला.

पुण्याच्या बाई स्टूल ओढून मशीनशेजारी बसल्या. पूनमनं जुनी शिवण उसवली, नवी दोनदा घातली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली, इस्त्री केली. सर पँट घालून आले. बाईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं. ते आधी अर्धेच बसले, मग श्वास रोखून पूर्ण. काही वाजलं नाही! बाईंनी पूनमपुढं ‘सक्षम’ लिहिलं आणि बाकीच्यांपुढं काय लिहायचं असं सरांनाच विचारलं. सर झटक्यात म्हणाले, अजून नाही. मशीन वाढवून द्या, मगच लिहू.

माझी नोकरीही शाबूत आहे. पूनम आज स्वतःहून मशीनवर बसली, नोट्सचं नावही काढलं नाही.

कान पकडायचा तर पकड, पण जवळ घेऊन.
तुझी रेश्मा


केम
दि. ६ फेब्रुवारी

चि. रेश्मास, अ. आ.

हसून हसून मामांना ठसका लागला. पानी पिऊन म्हनले, आपुन धोतर नेसतो ते किती बरं!

मी ब्लाउजचं कापड अन् माप धाडतिया. पूनमकडनंच शिवून घे. बिघडला तरी मी घालीन, पर कुटं बिघडलाय ते तिला खरं खरं सांगीन.

सुखी ऱ्हावा, दोगीबी.
आत्या