वाढल्या पानावरून

तारनाका, हैदराबाद
शनिवार, ४ एप्रिल २०२६

चि. त्रिवेणीस,

बाबाचे आशीर्वाद. जोएललाही सांग. गोळ्या वेळेवर घेतो, जिना कठडा धरून उतरतो, रात्री झोप लागते. तुझ्या रोजच्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन टाकली, आता पुढचं निवांत वाच. मराठी वाचताना तू अजून ओळीवरून बोट फिरवतेस, म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोनवर का नाही सांगितलं, असं विचारशील. फोनवर मी तोंड उघडतो आणि पाण्याच्या टँकरवर घसरतो.

बातमी अशी, की उद्या ईस्टर आहे आणि मी आपलं जेवणाचं टेबल सजवतोय. हसलीस ना? हस. पाडव्याला गुढी उभारली नाही, कारण आईला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. पण ईस्टर आपल्या सणांत बसतच नाही, तेव्हा त्याला वर्षाची आडकाठी नाही, असा निवाडा माझा मीच दिला. रेल्वेत बत्तीस वर्षं नियमांतून वाटा काढल्या, एवढं जमायलाच हवं.

टेबल मोकळं करण्यातच दोन दिवस गेले. त्यावर काय काय निघालं म्हणून सांगू! जुनी वर्तमानपत्रं, विजेची बिलं, तुझ्या आईचा चष्मा. चष्मा परत ठेवून दिला. मग तिच्या कपाटातून तो पांढरा टेबलक्लॉथ काढला. तिने सुलतान बाजारात चार दुकानं पालथी घालून आणला होता, आठवतो? चार वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला. त्याला अजून डांबरगोळ्यांचा वास येतो.

त्या वर्षी तिने काय नाही केलं! ताटांभोवती रांगोळी काढली तर पूड अन्नात जाईल, म्हणून मोगऱ्याच्या आणि शेवंतीच्या पाकळ्यांची महिरप घातली. अंडी तर हवीत, पण आपल्या घरात अंडं येत नाही. मग बेगम बाजारातून खवा आणून त्याची अंडी वळली, कुणाला हळदीचा रंग, कुणाला बिटाचा. मी म्हणालो, "अंडं ते अंडंच, खव्याचं असलं तरी." ती म्हणाली, "तुम्ही नका खाऊ. पण बसा मात्र." टेबलाच्या टोकाला तिने माझी जागा मांडली होती.

आता तीच अंडी मी वळतोय. माझी बसकी होतायत, बटाटेवड्यासारखी. खवा किती परतायचा, हे तिने कुठंच लिहून ठेवलेलं नाही.

आज क्लॉथ पसरून इस्त्री फिरवताना डाग दिसले. तुझ्या जागेवर आमरसाचा, जोएलच्या जागेवर आमटीचा, विहीणबाईंच्या जागेवर पिवळा थेंब एकच. माझ्या जागेवर काही नाही. धुतलेल्यासारखी स्वच्छ.

उद्या पाहुणी एकच आहे. तुझ्या सासूबाई. मेट्टुगुड्याहून येणार आहेत.

पत्र इथंच थांबवतो. पाक आटतोय.

रविवार, ५ एप्रिल, संध्याकाळ

काल पाक आटत नव्हता. पाक केलाच नव्हता. पुढचं लिहायचा धीर नव्हता, म्हणून उठलो.

त्रिवेणी, त्या ईस्टरला माझ्या छातीत दुखत नव्हतं.

तुम्ही सगळे यायच्या अर्ध्या तासापूर्वी मी तसं सांगितलं आणि आत जाऊन पडलो. जोएलला मी पत्करलं होतं, कारण तू माझं काही चालूच दिलं नव्हतंस. पण त्याच्या आईबरोबर एका टेबलावर, माझ्या घरात, पंगतीला बसायचं? का नाही, ते तुला ठाऊक आहे. त्यांचा धर्म हे सांगायचं कारण होतं. खरं कारण त्यांची जात होती. तो शब्द मी तेव्हा उच्चारला नाही, कारण मला सुधारलेलं दिसायचं होतं. छातीत दुखतंय म्हणणं सोपं होतं. तुझ्या आईलाही तेच सांगितलं.

बाहेर तुमचं जेवण सुरू झालं आणि पुरणपोळीचा वास आत आला. मला भूक लागली होती. मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यापाशी उभ्यानेच खायला लागलो. आपल्याच घरात चोरासारखा. दुसरी पोळी तोंडात होती तेव्हा विहीणबाई दारात आल्या. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळी. आपल्या पर्समधली गोळी त्या माझ्या छातीसाठी घेऊन आल्या होत्या, आणि मी खोलीत दिसलो नाही म्हणून शोधत आल्या होत्या.

त्यांनी गोळी ओट्यावर ठेवली, पेला ठेवला, हात जोडले आणि गेल्या.

पुढचं तू पाहिलंस. त्या टेबलावर परत येऊन बसल्या, घास उचलला, तो उतरला नाही, "सर दुख रा" म्हणून उठल्या आणि रिक्षा बोलावली. भरलेलं ताट तसंच. आपल्याकडे वाढल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तुझ्या आईने चार दिवस राबून मांडलेलं टेबल. "मी सोवळंओवळं सोडून एवढं केलं, आणि ती बाई वाढल्या पानावरून उठली," हे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. दवाखान्यातसुद्धा म्हणाली. मी तिच्या उशाशी बसून होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी तिला मोसंबी सोलून दिली.

दुसऱ्या दिवशी तिने मला ईसीजी काढायला नेलं होतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून देवापुढं साखर ठेवली. ती साखर मी खाल्ली, त्रिवेणी.

आणि तू. आईचा अपमान झाला म्हणून तू त्याच संध्याकाळी सासूशी भांडलीस, तीन महिन्यांत बंगळुरूला बिऱ्हाड हलवलंस, नाताळला जोएल एकटा येतो. आईच्या दिवसांत त्या निशिगंधाची फुलं घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या आणि तू त्यांच्याकडे पाठ करून आत गेलीस. मी व्हरांड्यातून बघत होतो. तेव्हाही मला वाचाच फुटली नाही. चूक माझी, आणि चार वर्षं तिचा भार वाहिला त्या बाईने.

आज त्या आल्या. पहाटे कबरस्तानात प्रार्थना असते त्यांची, तिथून थेट. जोएलच्या वडिलांच्या कबरीवर फुलं घालून आल्या होत्या, साडीला मेणबत्तीचं मेण लागलं होतं. टेबलाकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. माझी महिरप वेडीवाकडी झाली होती. त्यांनी वाकून दोन पाकळ्या सरळ केल्या आणि म्हणाल्या, "सुशीलाम्मा ऐसा गोल करे थे." तुझ्या आईचं नाव या घरात बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मी वाढलं. टोकाच्या खुर्चीवर बसलो. पहिला घास घ्यायच्या आधी म्हणालो, "बहनजी, उस दिन मैं बीमार नहीं था." त्या म्हणाल्या, "हौ, मालूम. मैं देखी ना." मी विचारलं, मग तुम्ही कुणालाच का सांगितलं नाही?

"कैसा बोलती, अन्नय्या? उन्नो चार दिन से टेबल सजा रे थे. तुम्हारे मरद ऐसा करे, बोलके मैं उनकू बोलती क्या? बच्ची कू बोलती तो उसका मायका टूट जाता."

मला रडू आलं. साठाव्या वर्षी निवृत्त होतानाही आलं नव्हतं, आज आलं. त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. "खाओ. ठंडा हो रा."

भात चिकट झाला होता, आमटीत मीठ जास्त. त्या ताट पुसून जेवल्या. माझ्या बसक्या अंड्यांतली दोन त्यांनी खाल्ली. मी हळू जेवतो, दातांमुळे. त्यांचं कधीच संपलं होतं, पण माझा ताकभात होईपर्यंत त्या उठल्या नाहीत, उष्टा हात वाळवत बसल्या.

जाताना फाटकापाशी म्हणाल्या, "त्रिवेणी कू नक्को बोलो ये बात. मां भी नहीं अब, उसकू बाप एकीच है." मी मान हलवली.

आणि आत येऊन हे पत्र लिहायला बसलो. त्यांना दिलेला शब्द मोडतोय, हे कळतंय मला. पण त्यांनी माझी लाज झाकली तेवढी पुरे. हे वाचून तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मी तक्रार करणार नाही. फोन नाही वाजला तर समजेन, पत्र पोहोचलं.

एकच मागणं आहे. मे महिन्यात याल तेव्हा स्टेशनवरून आधी मेट्टुगुड्याला जा. त्यांच्याकडे जेव, पोटभर. इकडे यायचं की नाही, ते त्यानंतर ठरव. टेबलक्लॉथ धुवायला टाकलेला नाही. माझ्या जागेवर आज आमटी सांडली आहे, ती तशीच राहू दे म्हणतो.

ज्याच्या छातीत तेव्हा काही दुखत नव्हतं, आणि आता दुखतं, तो तुझा
बाबा