नंदीचं वशिंड आणि घडीचा शिकंजा

२ ऑगस्ट, शनिवार
सर्र-खस्स. सर्र-खस्स. पहाटे जाग आली ती या आवाजानं. बोरी अरबच्या शाळेला लागून एका सुताराचं छप्पर होतं. चौथीत आम्ही बाकांवर डोलत कविता म्हणायचो आणि पलीकडून त्याचा रंधा ताल धरायचा. लगागा लगागा. गुरुजी म्हणायचे, "तो सुतार तुमच्यापेक्षा बरा वृत्तात आहे लेकहो." साठ वर्षं झाली त्याला. घाटंजीत आमच्या गल्लीत आता रंधा कुठून येणार? उठून पाहिलं तर सौ. अंगण झाडत होती. हरकत नाही. खराटाही वृत्तातच होता.

दु. नागपूरहून मुलीचा, मंगलाचा फोन. मग फोन स्वराच्या हाती. नातीचं वय वर्षे सहा, हुकूम साठ वर्षांच्या बाईचा. "आबा, तान्ह्या पोळ्याला मला दुकानातला बैल नको. सगळ्यांचा तोच असतो. तुम्ही करा."
"करतो," म्हणालो. तोंडातून निघून गेलं.
तान्हा पोळा २३ ला, त्या दिवशी दोघी इकडे येणार. पोरं आपापले लाकडी बैल सजवून मारुतीच्या मैदानात आणतात, सं. साडेचारला. तीन आठवडे आहेत. पुष्कळ झाले.

३ ऑगस्ट, रविवार
जुन्या दाराच्या चौकटीचा सागवानी तुकडा माळ्यावरून काढला. करवत लावली आणि त्यातून जो वास आला! शाळेच्या बाकाचा वास. पाच मिनिटं नुसता हुंगत बसलो.
बसलो, तीच चूक. सुतार खाली बसतो, लाकूड पायाच्या पंजांनी धरतो, दोन्ही हात मोकळे. मीही तसाच बसलो. उठता येईना. एकतीस वर्षं बसमध्ये उभ्यानं तिकिटं फाडली, गुडघे तिथंच संपले. सौ. नं आणि शेजारच्या ठाकरेबाईंनी बखोटीला धरून उठवलं.
सौ. : "बैल राहू द्या, आधी तुमालेच खुट्याले बांधा लागते."
मग ठाकरेबाईंसमोर माझा हिशेब वाचला. तीन पायांचा स्टूल, चौथा पाय अजून व्हायचा आहे. चिमणीचं घर, बिनछपराचं. कवितांच्या अकरा वह्या, एकही शेवटच्या पानापर्यंत गेली नाही. "याइचं सारं अर्ध्या तिकिटाचं काम हाय बाई."
हसलो मीही. पण लागलं. खरं आहे म्हणून लागलं. या जन्मात एक वस्तू पुरी करून कुणाच्या हातात द्यावी. एकच. हा बैल.

५ ऑगस्ट, मंगळवार
उभ्यानं काम करायचं तर लाकूड कोण धरणार? टीपॉयवर ठेवून गुडघ्यानं दाबलं. तुकडा उडून तुळशीत. सौ. नं तुळशीची माफी मागितली, माझ्याकडे पाहिलंही नाही.
लाकूड आवळून धरणारा शिकंजा हवा. बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्या गजूकडे गेलो.
"काका, असा बनवून देतो का हत्ती धरून ठेवन!"
"आणि उचलायचा कसा?"
"उचलाचा कायले? एकडाव ठेवला का ठेवला."
घरी येऊन सांगितलं. सौ. : "अन् पाऊस आला तं घरात कोन आनन? थो हत्ती?"
बरोबर आहे तिचं. दोन खोल्या नि एक अंगण. मागच्या पानावर लिहून ठेवलं : उभ्यानं काम होईल असा. घडी होऊन दाराआड राहील असा. मला एकट्याला उचलता येईल असा. आणि लाकूड हलू न देणारा.
शेवटची अट खरी. बाकीच्या सौ. च्या.

७ ऑगस्ट, गुरुवार
यवतमाळ. हार्डवेअरच्या दुकानात बिडाचा शिकंजा पाहिला. काय पकड! पण त्याला खाली भक्कम टेबल हवं, बोल्टानं कसायला. आणि जबड्याला दाते. खिशातली पेन्सिल धरून पाहिली, तर तिच्या अंगावर बारीक चावे उमटले. स्वरा विचारेल, आबा, माझ्या बैलाला कोण चावलं?
दुकानदार भला माणूस. स्वतःच्या मोबाइलवर चित्र दाखवलं. चार पायांची घोडी, वर दोन लाकडी फळ्या, मुठी फिरवल्या की फळ्या जवळ येतात नि मधलं लाकूड आवळतात. काम झालं की घडी. "आमच्याकडं नाही येत काका. ऑनलाइन मांगवा."
बसमध्ये कंडक्टर पोरगी होती, हातात तिकिटाचं मशीन. ओळख दिली तर म्हणाली, "मंग बसा ना साहेब, आता तरी बसा." खिडकी मिळाली. कपाशी हिरवीगार दिसत होती. मनातल्या मनात दोनदा घंटी ओढली. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. या वहीत मी "डबल" लिहितो तेव्हा तेच.

८ ऑगस्ट, शुक्रवार
मोबाइलवर दोन उमेदवार उरले.
थोरला : रुंद जबडा, पायानं दाबायचा खटका, दिसायला पहिलवान. सोळा किलो.
धाकटा : दोन मुठी, खटका-बिटका नाही. अकरा किलो.
परीक्षा घेतली. सोळा किलोसाठी ज्वारीचं पोतं तोलून घेतलं. उचललं, दोन पावलं, ठेवलं. अकरा किलोसाठी पाण्याची बादली. ती घेऊन अंगणाला फेरी मारली, वर कवितेचं एक कडवं म्हटलं, श्वास तुटला नाही.
उंची मनगटाइतकी असावी, रंधा मारताना कंबर मोडत नाही, असं ऐकलेलं. सौ. च्या शिवणाच्या टेपनं मापलं. एकतीस इंच. धाकट्याची उंचीही तेवढीच. सौ. : "पत्रिका जुळली म्हना."
पण मन ठरलं ते दोन मुठींवर. धाकट्याच्या मुठी वेगवेगळ्या फिरतात. एक जास्त आवळा, एक कमी, फळी तिरकी होते. माझा नंदी मानेकडे जाड, तोंडाकडे निमुळता. त्याला सरळ जबड्यात धरलं तर तो निसटणारच. थोरला नुसता ताकदीचा. धाकट्याला समजूत आहे.

९ ऑगस्ट, शनिवार
मंगलानं तिच्या फोनवरून धाकटा मागवला. डबल.

१३ ऑगस्ट, बुधवार
आला! खोक्यातून तुकडे निघाले आणि एक कागद. कागदावर अक्षर नाही, नुसती चित्रं. मी अक्षरांचा माणूस. एक फळी उलटी बसवली, मुठी आतल्या बाजूला. पुन्हा उकललं. दु. चार वाजता उभा राहिला एकदाचा.
आणि डुगडुगला.
सौ. नं एक बोट लावलं, तो हलला. दुसरं बोट लावलं, पुन्हा हलला. "माय वं! याच्यापरीस आपला पाळना बरा होता." रात्रीपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं की कंडक्टरचं टेबल हलते.
जेवण गेलं नाही फारसं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
टेबल निर्दोष! दोषी अंगण. सांडपाणी मोरीकडे जावं म्हणून फरशी उतरती टाकलेली, मीच टाकून घेतलेली. तुळशीच्या पलीकडे सपाट आहे, तिथं शिकंजा ठेवला. हत्तीसारखा उभा. हातानं ढकलला, पोटानं ढकलला. सौ. ला बोलावलं. तिनं दोन्ही हातांनी ढकलला. काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे प्रमाणपत्र.

१७ ऑगस्ट, रविवार
दोन दिवस लिहायला फुरसत नाही.
मान झाली. निमुळती. एक मूठ दीड फेरा, दुसरी अर्धा. फळीला चिंधी बांधली म्हणून अंगावर ओरखडा नाही. दोन्ही हात मोकळे! कानस घेऊन मी उभा, गुडघे गप्प, लाकडाचा भुगा चपलांवर. सर्र-खस्स. तो आवाज माझ्या हातातून निघत होता हो.
ठाकरेबाई भिंतीवरून : "काय करून राह्यले भाऊजी?"
"बैल."
"मले तं बकरी वाटली."
शिंगं लावल्यावर पहा म्हणालो.

१९ ऑगस्ट, मंगळवार
शिंगं लागली. पाय चारही लागले, चार! स्टुलाला जमलं नाही ते नंदीला जमलं. मागचा एक बारीकसा आखूड आहे. चाकांच्या पाटीवर लपेल.
काम करता करता दोन ओळी सुचल्या, शिकंज्यावर :
तुझ्या दोन ओठांत माझाच नंदी
उभा राहु दे पाय चारी रुजोनी
"राहु" ऱ्हस्व केला, तेवढी सूट असते. सौ. ला म्हणून दाखवल्या.
"टेबलावर कविता? माह्यावर तं चाळीस वर्सांत केली नाही."
"तुझ्यावर केली तर वृत्त मोडेल."
"मोडू द्या ना मंग एकडाव!"
दिवसभर हसत होती. उरलं : वशिंड, शेपूट, चाकांची पाटी. चार दिवस हातात. आरामात.

२१ ऑगस्ट, गुरुवार
चाकं, पाटी, शेपूट झालं. वशिंड कोरून तयार, खांद्यावर चिकटवायचं तेवढं राहिलं. ते उद्या.
आज सं. खांदमळणी. शेतकऱ्यांकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, उद्याचं आवतण देतात. आमच्याकडे बैल कधीच नव्हते. पण सौ. वाटी घेऊन अंगणात आली. "हा काय कमी हाय?" तिनं पळसाच्या पानानं नंदीच्या खांद्यावर तूप-हळद चोळली, चांगली मुरेपर्यंत. दोघांनी मिळून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सागवान पिवळंधमक झालं. किती गोड दिसत होता! मी नुसता पाहत राहिलो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.
सकाळी वशिंड घेऊन अंगणात गेलो. नंदीला शिकंज्यात ठेवणार तोच मागून आवाज.
"ठेवा खाली."
"अगं, फक्त आवळायचं..."
"आज पोळा हाय. आज बैलाच्या मानेवर कोनी जू ठेवते काय? तुमी त्याले जबड्यात घालून राह्यले!"
"लाकडाचा आहे."
"काल आवतन देलं तवा लाकडाचा नव्हता."
वशिंड खाली ठेवलं. दिवस मोजताना पोळ्याचा दिवस मी कामाचा धरला होता. ही आपली अक्कल.
शिकंजा मात्र रिकामा राहिला नाही. दहा वाजता पाहतो तर पुरणाचं यंत्र त्यात आवळलेलं आणि सौ. उभ्यानं पुरण वाटते आहे. "किती बरं हाय वो! ओट्यावर थे यंत्र नाचते." म्हणजे जू बैलाला नाही, मला नाही, तिला चालतं.
नंदी पाटावर बसून पुरणपोळी जेवला. उद्या सकाळी वशिंड. पाच मिनिटांचं काम.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा.
हे दु. पावणेदोनला लिहितोय.
सकाळी सातला खांद्याला डिंक लावला, वशिंड ठेवलं, आवळलं. दहाला सोडलं. वशिंड घसरून पोटाखाली. पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं. मग बोट फिरवून वास घेतला.
तूप. परवाचं. लाकडात पार मुरलेलं. त्यावर डिंक काय धरणार?
सौ. चा चेहरा पाहवेना. "माह्याच हातानं केलं म्हना मी."
"दोघांनी केलं," म्हणालो. "आवतण मीही दिलं."
ती पॉलिशकागद घेऊन घासायला उभी राहिली. मी धरायला नाही, शिकंजा धरत होता, मी नुसता सांगायला. पिवळं गेलं, खालून कोरडं, पांढुरकं लाकूड निघालं. सोड्याच्या पाण्यानं पुसलं, उन्हात वाळवलं. साडेबाराला पुन्हा डिंक. नंदीला कुशीवर निजवलं, पायांमधून एक फळी पोटाला, दुसरी वशिंडाला. मुठी हळूहळू फिरवल्या. डिंकाचा बारीक मणी बाहेर आला. धरलं!
आता चार तास हलवायचं नाही. म्हणजे साडेचार. म्हणजे मैदानात पहिला नारळ फुटेल तेव्हा. मंगला नि स्वरा दोनच्या बसनं उतरणार. पोरीला फक्त एवढं सांगायचं होतं, थोडं उशिरा जाऊ.

दारावर थाप. आल्या वाटतं लवकर, म्हणून धावत गेलो. गुडघ्यांसकट.
दारात चाळिशीचा माणूस. मागे तीनचाकी, तिच्या आरशाला झेंडूचा हार. हातात मोबाइल.
"रिटर्न हाय ना आजोबा? घडीचं टेबल. द्या घडी करून."
"कुणी परत केलं?"
"फोनमधून टाकलं कोनीतरी. कारन लिवलं हाय, टेबल हलते."
मी सौ. कडे पाहिलं. ती कपाळावर हात मारून, "त्या दिवशी रातच्याले मंगीले सांगतलं होतं मी, हलते म्हनून. तिनं तेवढ्यावरच... अन् मी तं तिले मंग सांगतलंच नाही का आता हालत नाही!"
"रद्द करा हो," म्हणालो.
"ज्यानं टाकलं त्यालेच करा लागते. नाही तं मले घेऊन जा लागते." मंगलाला फोन लावला. बसमध्ये, रेंज नाही. पुन्हा लावला. नाही.
तो अंगणात आला. तुळशीपाशी थांबला. जबड्यात निजलेल्या नंदीकडे, बाजूला ठेवलेल्या घुंगरांकडे, झुलीकडे पाहिलं.
"हा दाबून काहून ठेवला?"
"वशिंड सुकून राह्यलं."
"किती वेळ?"
"साडेचार."
त्यानं मोबाइल पाहिला, गाडी पाहिली, पुन्हा नंदी. मी पुन्हा मंगलाचा नंबर फिरवत राहिलो.
सौ. पुढे झाली. एकतीस वर्षं बसमधली भांडणं मी सोडवली, पण असा आवाज मला कधी काढता आला नाही. "भाऊ, सनाच्या दिवशी उपाशी फिरून राह्यले. आधी हात धुवा. टेबल काय पयून जाते?"
आता तो पाटावर बसला आहे. पोळी सावकाश खातो माणूस, बरं वाटलं. सौ. दुसरी वाढते आहे. मी इथं दाराशी वही घेऊन, एक डोळा वशिंडावर, एक रस्त्यावर; मंगला आली की तीच रद्द करेल. त्यानं आत्ताच विचारलं, "आजोबा, याचं नाव काय ठेवलं?"
नाव तर ठेवलंच नाही कुणी.